एचडीचा खटका

आमच्या पार्लरमध्ये जगातलं सगळ्यात नवं गेमचं मशीन आलं, तेव्हा ते जोडायला जो टीव्ही होता त्याचं आवाजाचं बटण तुटलेलं होतं. तिथं आम्ही आगकाडी खुपसून ठेवली होती. आवाज वाढवायचा तर काडी दाबायची, कमी करायचा तर टीव्हीच्या डोक्यावर एक चापट मारायची.

आम्ही म्हणजे मी आणि माझा भागीदार. तो नांदेडचा, मी लातूरचा. नांदेडच्या पॉलिटेक्निकला आम्ही एका बाकावर होतो आणि माझी खोली त्याच्याच घराच्या माडीवर होती. तिथल्या इतवारा भागात त्याच्या अब्बांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. त्याची अम्मी मला रोज विचारायची, "खाना खाया क्या रे?" आणि उत्तराची वाट न बघता वाढायला घ्यायची. वर्गात एकेका नावाची चार-चार पोरं होती, म्हणून शिकवणारे आम्हाला गावावरून हाक मारायचे. ती सवय कायमची लागली. तो मला 'लातूर' म्हणतो, मी त्याला 'नांदेड'. अजूनही मी फोनवर "हां नांदेड, बोल" म्हणालो की बायको म्हणते, एसटीच्या चौकशीच्या खिडकीत बसल्यासारखं काय बोलता.

डिप्लोमा झाला. नोकऱ्या पुण्याला होत्या आणि आम्ही नव्हतो. तेव्हा लातुरात क्लासचं पीक जोरात आलं होतं. भूकंपानंतर कित्येक वर्षं लातूरचं नाव घेतलं की लोक हळहळायचे. आता तेच नाव पोरगं डॉक्टर करायचं असलं की घ्यायला लागले होते. दहावीचा निकाल लागला की हदगावपासून शिरूर अनंतपाळपर्यंतची पोरं गादी, बादली आणि तुपाची बरणी घेऊन स्टँडवर उतरायची. घरमालकांनी अंगणं बुजवून खोल्या काढल्या, खोल्यांत प्लायवूडच्या भिंती घातल्या आणि प्रत्येक भिंतीमागं एकेक भावी डॉक्टर पाठांतराला बसवला. एवढी पोरं, आणि त्यांना जवळ ना घर, ना आई, ना मैदान.

नांदेड म्हणाला, "लातूर, क्लास तर सगळेच काढून राहिलेत. क्लास बुडवायची सोय कुणी केली का?"

ती आम्ही केली. एका मेसच्या खालचा गाळा घेतला, जुनी मशीनं मांडली, दाराला जाड पडदा लावला. वर चपात्या लाटल्याचा आवाज, खाली बंदुकांचा.

गल्लीच्या तोंडालाच फिजिक्सवाल्या सरांचा क्लास होता. लातुरात सरांना नावानं कुणी हाक मारत नाही, विषयानं मारतात. हे सर उंच, आवाज खणखणीत, शर्ट इस्त्रीचा. दुपारच्या बॅचला एखादं बाक रिकामं दिसलं की ते गल्लीत येऊन आमच्या पडद्यासमोर नुसते उभे राहायचे. आत यायचे नाहीत. पडद्याखालून त्यांचे काळे बूट दिसले की आतली पोरं श्वास धरून बसायची. त्यांनी क्लासच्या दारावर पाटी लावली होती : 'गेम पार्लरमध्ये आढळल्यास प्रवेश रद्द.' गावात नव्यानं आलेल्या पोरांना आमचं दुकान आहे हे त्या पाटीवरूनच कळायचं. आम्ही कधी जाहिरात केली नाही.

तर ते नवं मशीन. नांदेडचे खालू, म्हणजे त्याच्या मावशीचे यजमान, जेद्दाहला नोकरीला होते. त्यांनी सुट्टीवर येताना ते आणलं. नांदेडहून लातूरला एसटीनं येताना माझ्या भागीदारानं ते लहान लेकरासारखं मांडीवर धरलं होतं, कंडक्टरनं वर ठेवायला सांगितलं तर म्हणाला, "वर नको, उसको चक्कर आती."

गाळ्यात आम्ही खोकं उघडलं. मशीन पांढरंशुभ्र, दुधाच्या कॅनसारखं गुळगुळीत. त्याच्या वायरीच्या टोकाला, जिथं ती मशीनमध्ये खुपसायची तिथं, नखाएवढा एक खटका होता. त्याच्या एका बाजूला लिहिलं होतं 'टीव्ही', दुसऱ्या बाजूला 'एचडीटीव्ही'.

"ये क्या है?" नांदेड म्हणाला.

मी पुस्तिका वाचली. एचडी म्हणजे अतिशय बारीक, अतिशय स्पष्ट चित्र. त्यासाठी तसा टीव्ही लागतो. तसा टीव्ही मी तोवर फक्त लातूरच्या सगळ्यात मोठ्या शोरूमच्या काचेतून बघितला होता. त्याच्यासमोर लोक फोटो काढून घ्यायचे. तो कुणाच्या घरी असेल असं आमच्या गल्लीत कुणालाच वाटत नव्हतं.

आम्ही खटका गुपचूप 'टीव्ही'कडं केला आणि आगकाडीवाल्या टीव्हीला मशीन जोडलं.

चित्र आलं. डोंगर आले, वाळवंट आलं, एक शिपाई आला. त्याच्या बुटांना धूळ लागलेली सुद्धा अंधुक कळत होती. आम्ही खूश. मग त्याला वायरलेसवर हुकूम आला आणि तो हुकूम पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात लिहून आला. अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. मी पुढं सरकलो. आणखी पुढं सरकलो. नाक काचेला टेकलं तेव्हा सगळ्या अक्षरांचे नुसते रंगीत ठिपके झाले. शिपाई तिथंच उभा. त्याला काय करायचंय ते त्यालाही कळेना, आम्हालाही कळेना. तेवढ्यात कुणीतरी त्याला गोळी घातली.

ज्यांनी तो खेळ बनवला त्यांच्या टेबलावर एचडी टीव्ही होते. त्यांना अक्षरं छान दिसत होती. लातूरचा गाळा त्यांच्या डोळ्यासमोर नव्हता एवढंच.

ह्यावर आमचं पहिलं भांडण झालं, आणि ते पुढं वर्षभर चालू राहिलं. माझं म्हणणं साधं होतं. जो टीव्ही लोकांना घेणं परवडत नाही, त्याच्यासाठी मशीन बनवायचंच कशाला? आधी टीव्ही स्वस्त होऊ द्या, घरोघरी पोचू द्या, मग काढा तुमचं एचडी. तोवर आम्ही त्या मुंग्या वाचायच्या?

नांदेडचं म्हणणं उलटं. "अरे, कुणीतरी आधी आणल्याशिवाय ते स्वस्त कसं होईल? दाखवायला काही नसलं तर तसा टीव्ही कोण घेईल? अन् कुणी घेतला नाही तर उतरंल का भाव?"

"म्हणून भुर्दंड आपण सोसायचा?"

"कुणीतरी सोसणारच. आपला नंबर लागला."

मग मी त्याला आमच्या शेडमधल्या टीव्हीची गोष्ट सांगितली. भूकंपात आमचं गाव पडलं. आमचं घर दगडामातीचं होतं. धाकटे चुलते त्यात गेले. बाकीचे आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो. पुढं महिन्या-दोन महिन्यांनी कुठल्याशा मोठ्या शहरातल्या दानशूर लोकांचा ट्रक आला. त्यांनी कपडे दिले, भांडी दिली आणि सगळ्या वस्तीत मिळून एक रंगीत टीव्ही दिला. त्यांच्यातल्या एका बाईंनी भाषण केलं की, मन रमलं पाहिजे. टाळ्या झाल्या. ट्रक गेला. आणि मग वस्तीच्या ध्यानात आलं की शेडला वीजच नाही. जवळचा खांब कुठं आहे हे बघायला माणसं गेली, ती संध्याकाळी परत आली. तरी टीव्ही एका टेबलावर मांडला. हार घातला. आम्ही पोरं त्याच्या काळ्या काचेत आपलीच तोंडं बघत बसायचो.

"हेच म्हणतो मी," मी नांदेडला म्हणालो. "आधी तार, मग टीव्ही."

तो म्हणाला, "अन् वीज कधी आली?"

इथं माझी अडचण झाली. कारण खरं सांगायचं तर वीज त्या टीव्हीमुळंच आली. आमच्या वस्तीतल्या पंचांनी तो टीव्ही बैलगाडीत घातला आणि वाजतगाजत तालुक्याच्या वीज कचेरीत नेला. साहेबांच्या टेबलावर ठेवला. म्हणाले, "साहेब, आमच्याकडं टीव्ही हाय. बघायचा कसा त्ये तुमी सांगा." नुसता अर्ज साहेबाला बाजूला सारता आला असता, टीव्ही टेबलावरून सारता येईना. खांब आले.

"बघ!" नांदेड ओरडला. "बघ! मैं यही बोल रहा!"

"पण वीज आली तोवर टीव्हीच्या आतल्या तारा उंदरांनी खाल्ल्या होत्या," मी म्हणालो.

त्यानं टीव्हीतली आगकाडी काढून पुन्हा खुपसली. मग म्हणाला, "उंदराचं सोड. उंदीर कंपनीचा नव्हता."

भांडण चालू राहिलं, पण दुकानही चालवायचं होतं. पोरं नवीन मशीनवर बसायची आणि विचारायची, "काय लिहून राहिलंय?" नांदेडनं त्यावर तोड काढली. तो टीव्हीला चिकटून स्टूलावर बसायचा आणि हुकूम वाचून दाखवायचा. अर्धे त्याला दिसायचे, अर्धे तो मनानं रचायचा. पण वाचायचा असा की बस. "कप्तान बोल रहे, उधर नक्को जाव, बाबा! पूल के नीचे तुम्हारा बाप बैठा है बंदूक लेके." एखादा पोरगा मेला की, "कप्तान बोल रहे, तुमकू घर से भेजे किस वास्ते?" शेवटचं वाक्य ज्याला त्याला लागायचं. तरी सगळे हसायचे. मशीनवर एक बसायचा आणि नांदेडचं ऐकायला गाळाभर पोरं उभी राहायची. आमचा धंदा खरा तेव्हा चालला, तो न दिसणाऱ्या अक्षरांवर.

आणि मग फिजिक्सवाल्या सरांनी एचडी टीव्ही घेतला.

क्लास-क्लासमध्ये तेव्हा चुरस लागली होती. एकानं एसी बसवला की दुसऱ्यानं बायोमेट्रिक हजेरी. सरांनी जाहीर केलं की आपला क्लास आता डिजिटल होणार. भिंत व्यापेल असा टीव्ही आला. तो उतरवायला हमालांबरोबर आम्हीही गेलो होतो, नुसतं जवळून बघायला मिळावं म्हणून. पालक मेळाव्यात त्याचं उद्‌घाटन करायचं ठरलं, गावोगावी पत्रिका गेल्या.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी सरांनी टीव्ही लावून बघितला. केबल जोडली. चित्र आडवं ताणलं गेलं आणि बातम्या देणारी सडपातळ बाई एकदम खात्यापित्या घरची दिसायला लागली. मग सरांनी स्वतःच्याच शिकवण्याची सीडी लावली. त्या भिंतभर काचेवर सरांच्या तोंडाचे चौकोन-चौकोन झाले. मिशा कुठं संपतात आणि फळा कुठं सुरू होतो ते कळेना. सरांनी शोरूमवाल्याला बोलावलं. तो हात जोडून म्हणाला, "सर, टीव्हीत काही दोष न्हाई. ह्याला त्याच्या तोलाचं चित्र पाहिजे. तसं चित्र काढणारी वस्तू आख्ख्या गावात मला एकच माहीत हाय."

"कुठं आहे?"

शोरूमवाल्यानं गल्लीकडं बोट दाखवलं.

दुपारची वेळ होती. आमच्याकडं सरांच्याच बॅचची सात-आठ पोरं होती. पडद्याखाली काळे बूट दिसले. पोरांनी श्वास धरला. आणि जे कधी झालं नव्हतं ते झालं. पडदा बाजूला झाला आणि सर आत आले. दोन पोरं टेबलाखाली गेली, तीन मागच्या मोरीत, एकानं तर तोंडावर वर्तमानपत्रच धरलं. सरांनी कुणाकडं बघितलं नाही. ते सरळ मशीनकडं बघत होते.

"हे एचडी आहे का?"

नांदेड उठून उभा राहिला. "हाव सर. पण आमचा टीव्ही न्हाई."

"माझा आहे," सर म्हणाले. मग घसा साफ करून म्हणाले, "पण माझ्याकडं लावायला काही नाही."

वरून चपात्यांचा आवाज येत होता. नांदेडनं माझ्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत एवढा आनंद मी त्याच्या निकालाच्या दिवशीही पाहिला नव्हता.

"सर," तो अदबीनं म्हणाला, "एक इचारू? ह्या कंपनीनं, टीव्ही स्वस्त व्हायच्या आधी हे असं मशीन काढलं, ते बरोबर केलं का चूक?"

सर म्हणाले, "उद्या दहाला घेऊन या. मागच्या दारानं."

दुसऱ्या दिवशी आम्ही मशीन चादरीत गुंडाळून नेलं. प्रश्न होता, दाखवायचं काय. शिपाई आणि बंदुका पालकांपुढं चालणार नव्हत्या. फुटबॉलचा एक खेळ होता. नांदेड म्हणाला, "सर, ह्याच्यात बॉल हवेतून जातो. ते तुमचं काय असतं ते."

"प्रोजेक्टाइल," सर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

सरांच्या मोठ्या टेबलाला जमिनीपर्यंत हिरवं कापड लावलेलं होतं. त्याच्या मागं सतरंजी टाकून नांदेड खाली बसला, हातात मशीनचा खेळायचा रिमोट घेऊन. मी वायरी बघायला कोपऱ्यात. तो नखाएवढा खटका मी पहिल्यांदाच 'एचडीटीव्ही'कडं सरकवला.

हॉल भरला होता. पुढं पालक, मागं पोरं. सरांनी भाषण केलं, रिबीन कापली आणि टीव्ही लागला.

मी तोवर वर्षभर ते मैदान बघत होतो, पण ते मी कधी बघितलंच नव्हतं. गवताची पाती सुटी-सुटी दिसत होती. खेळाडूच्या कपाळावरचा घाम दिसत होता. पहिल्या रांगेतून 'आईऽऽ' असा आवाज आला. शिरूर अनंतपाळहून आलेले एक पालक शेजाऱ्याला म्हणाले, "गवत लई निबर हाय. आपल्या जनावरानं तोंड लावलं नसतं." मला तो टीव्ही हवा झाला. सगळं वर्ष मी ज्याच्याविरुद्ध बोलत होतो ते एका क्षणात मला हवं झालं, आणि ह्याचा मला भयंकर राग आला.

सर छडी घेऊन टीव्हीशेजारी उभे राहिले. "आता हा विद्यार्थी," असं म्हणून त्यांनी फुटबॉलपटूकडं छडी केली, "चेंडूला पंचेचाळीस अंशांत गती देईल. चेंडू कुठं जाईल? बघा."

टेबलामागून नांदेडनं बटण दाबलं. त्याला समोरून चित्र दिसत नव्हतं, मान वाकडी करून बघावं लागत होतं. चेंडू गोलाच्या बराच वरून प्रेक्षकांत गेला.

"हवेचा विरोध," सर म्हणाले. "पुन्हा बघा."

पुन्हा प्रेक्षकांत. तिसऱ्यांदा चेंडू खांबाला लागला. मागं पोरं अस्वस्थ व्हायला लागली. त्या पोरांना ते मशीन, तो खेळ, तो फटका सगळं तोंडपाठ होतं, पण ओळखीचं दाखवणं म्हणजे पाटीवरचा गुन्हा कबूल करणं. म्हणून सगळी दगडासारखी बसली होती. चौथ्यांदा चेंडू वर गेला आणि मागून एकाला राहवलं नाही. तो ओरडला, "नांदेडभाई, बटण आधी सोडा की!"

पालकांच्या माना मागं वळल्या. टेबलामागून नांदेडचं डोकं आपोआप वर आलं. हाक मारली की माणूस बघतोच.

पुढच्या रांगेत नायगावच्या एक बाई होत्या. त्यांचं किराणा दुकान होतं आणि ओरडणारा पोरगा त्यांचाच होता. त्या उठून उभ्या राहिल्या. "सर, हे कोण हाईत? अन् आमचं पोरगं यांना कसं काय ओळखून राहिलं?"

मी वायर उपटायच्या बेतात होतो. पण सर ते सरच. क्षणभर सुद्धा अडखळले नाहीत.

"हे आमचे प्रॅक्टिकलचे सर," ते म्हणाले. "दुपारची प्रॅक्टिकलं हेच घेतात. तुमचा मुलगा एकही दिवस चुकवत नाही."

बाईंनी नांदेडला हात जोडले. नांदेडनं, हातात रिमोट तसाच धरून, परत जोडले. मग तो टेबलामागून पुढं आला, टीव्हीसमोर ताठ उभा राहिला आणि सरळ बघत फटका मारला. चेंडू वाकडा वळून गोलाच्या कोपऱ्यात गेला. टाळ्या. मागच्या पोरांनी तर उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्या वर्षी सरांच्या क्लासला जागा पुरल्या नाहीत.

त्यानंतर लातुरात नांदेडची पत वाढली ती वाढलीच. निकालाच्या चौकशीला आलेले पालक त्याला रस्त्यात गाठायचे. "सर, आमच्याचं कसं काय चाललंय?" तो खोटं कधी बोलला नाही. म्हणायचा, "लई मेहनत घेतंय. रोज येतंय. हात चांगला बसलाय त्याचा." पालक समाधानानं परत जायचे. एकानं तर त्याला गावाकडून खवा आणून दिला. आम्ही तो मेसवाल्या मावशींना दिला, त्यांनी गुलाबजाम केले आणि ज्याच्या घरचा खवा, त्यालाही दोन मिळाले.

आमच्या धंद्याचं मात्र वाटोळं झालं. ज्या पोरांनी ते गवत बघितलं होतं त्यांना आगकाडीवाला टीव्ही सोसवेना. "डोळे दुखून राहिलेत" म्हणायची. अक्षरं दिसत नाहीत याचं त्यांना आता हसू येईना, राग यायला लागला. नांदेड स्टूलावर बसून कप्तानाचे हुकूम सांगायचा आणि पोरं म्हणायची, "नांदेडभाई, सरांच्या टीव्हीवर हे नीट वाचता आलं असतं."

मी म्हणालो, "आपण पण तसाच टीव्ही घेऊ. कसाही घेऊ."

तो म्हणाला, "लातूर, थांब जरा. स्वस्त होऊ दे. दोन वर्षांत घरोघरी येईल."

मी त्याच्याकडं बघतच राहिलो. त्यानंही माझ्याकडं बघितलं. आपापली वाक्यं कुठं गेली ते दोघांनाही कळलं, पण परत कुणी मागितली नाहीत.

सरांनी तोड सुचवली. मशीन दुपारी क्लासमध्ये राहील, 'प्रॅक्टिकल'साठी, संध्याकाळी आमच्याकडं. एकदा संध्याकाळी मी ते आणायला गेलो तर हॉलला आतून कडी होती आणि आतून मैदानावरच्या गर्दीचा आवाज येत होता. बऱ्याच वेळानं दार उघडलं. सर होते. बाह्या दुमडलेल्या, कपाळावर घाम, हातात रिमोट.

"प्रोजेक्टाइल तपासत होतो," ते म्हणाले.

"गेला का गोलात?"

"डाव्या पायानं जात नाही," सर म्हणाले, आणि मला आत घेऊन कडी लावली. मी त्यांना डाव्या पायाचा फटका शिकवला. माझ्या हाताखाली शिकलेल्यांत ते सगळ्यात हुशार आणि सगळ्यात चिडके विद्यार्थी. हरले की रिमोटला दोष द्यायचे.

मग उन्हाळा आला. लातूरचा उन्हाळा आणि लोडशेडिंग. एसी इन्व्हर्टरवर चालत नव्हता, मशीन चालत होतं. सर बंद हॉलमध्ये घामाघूम होऊन खेळत असताना मशीनवर एकदम लाल दिवे लागले आणि ते बंद पडलं. त्यांनी मला माणूस पाठवून बोलावलं. मी गेलो तेव्हा ते मशीनपासून दूर, खिडकीशी उभे होते.

"मी काही केलं नाही," ते म्हणाले. "आपोआप झालं."

त्यांच्या क्लासमधली पोरं अगदी ह्याच शब्दांत सांगायची, खिडकीची काच फुटली की.

आम्ही मशीन नांदेडला, अब्बांकडं नेलं. अब्बांनी दुकानात चष्मा लावून ते उघडलं, आतल्या काळ्या चकत्या बघितल्या आणि झाकण परत ठेवलं. "बेटा, हमारे जमाने की चीज नहीं," म्हणाले. नांदेडनं कुठूनतरी ऐकलं होतं की असं मशीन टॉवेलात गुंडाळून चालू ठेवलं तर आतले सुटलेले सांधे तापून पुन्हा जोडले जातात. अम्मीचा जाड टॉवेल घेतला, गुंडाळलं. अम्मी म्हणाली, "गरमी में मशीन कू टावेल? तुम लोगां पढे-लिखे ना?" पण खरंच, ते चालू झालं. आठवडाभर चाललं. मग पुन्हा लाल झालं आणि ह्या वेळी टॉवेलाला दाद दिली नाही. त्याचे सुटे भाग लातुरात मिळेनात, नांदेडात मिळेनात, हैदराबादेत मिळाले नाहीत.

पार्लर आम्ही पावसाळ्याच्या आधी बंद केलं. शेवटच्या दिवशी पोरं आली, मेसवाल्या मावशी खाली आल्या, आणि सरही आले. त्यांनी आमची जुनी मशीनं बघितली, एक रिमोट हातात घेऊन पाहिला आणि खाली ठेवला. म्हणाले, "पोरांनी आता कुठं जायचं?" हे ते रागानं म्हणाले की काळजीनं, मला आजही सांगता येणार नाही.

नांदेड खालूंच्या मागं जेद्दाहला गेला. मला सरांनी क्लासमध्ये घेतलं. पद मोठं होतं, 'डिजिटल विभागप्रमुख'. काम म्हणजे टीव्हीची धूळ पुसायची आणि प्रवेशाच्या दिवसांत पालकांना सांगायचं की आमचा क्लास एचडी आहे. त्यावर दाखवायला आमच्याकडं गुणवंतांचे फोटो होते, ते आळीपाळीनं यायचे. एखाद्या पालकानं विचारलंच, "ह्याचा पोराला फायदा काय?" तर मी टाय सरळ करून म्हणायचो, "आज नसेल. पण उद्या सगळं ह्याच्यावरच येणार. तेव्हा तुमचा मुलगा तयार असेल." पुढं क्लासेसचं सगळं मोबाईलवर आलं. टीव्ही स्वस्त झाले, माझ्या घरी सुद्धा आला. क्लासमधला तो मोठा टीव्ही सर निवृत्त झाल्यावर कुणीतरी काढला. कुठं गेला ते मी विचारलं नाही.

नांदेड तिकडं एका मॉलमध्ये टीव्हीच विकतो. मागच्या महिन्यात त्याचा दुकानातूनच फोन आला. म्हणाला, आता आणखी बारीक चित्राचे टीव्ही आलेत, एवढे बारीक की दाखवायला कुणाकडं काही नाही. नवीन गेमच्या मशीनच्या खोक्यावर मात्र छापलेलं आहे, ह्या टीव्हीवर चालतं म्हणून.

"मग गिऱ्हाइकाला काय सांगतोस?"

"सांगतो, साहेब, दोन वर्षं थांबा. जुनाच वापरा. डोळ्याला काय फरक कळतो?"

"अरे, मग विकत कसं रे घेतील? अन् कुणी घेतलाच नाही तर तो स्वस्त कसा होईल?" मी म्हणालो. "नांदेड, कंपनीनं तुला तिथं टीव्ही विकायला ठेवलंय का थांबवायला?"

तो हसला. तेवढ्यात त्याच्यामागं कुणी गिऱ्हाईक आलं असावं, कारण तो एकदम अदबीचं अरबी बोलायला लागला आणि फोन तसाच चालू राहिला. मला त्यातलं काही कळत नव्हतं, विकतोय की थांबवतोय ते सुद्धा. पण त्याचा सूर मोठा समजुतीचा होता, आणि ते गिऱ्हाईक बराच वेळ त्याचं ऐकत होतं.